मागे कोण बसणार?

गेल्या आठवड्यात एक मुलगा घरी आला. मुलगा म्हणजे आपला माझ्या हिशेबाने, वय तिशीचं असेल. त्याचे वडील माझ्या वर्गात होते. त्यांची येझदी घरामागच्या पडवीत पंधराएक वर्षं गवताच्या भाऱ्यांखाली पडून होती, ती याने बाहेर काढली. इंजिन बांधून घेतलं, टाकीला रंग मारला, सायलेन्सर चकाचक केले. आता मागचे शॉकअप तेवढे राहिलेत.

"सर, तुमच्याकडे पण येझदी आहे म्हणून आलो. कुठले टाकू? दुकानवाला म्हणतो, गॅसचे टाक, हार्ड टाक. आपल्याकडच्या रस्त्याला तेच टिकतात."

मी विचारलं, "मागे कोण बसणार?"

तो हसला. त्याला वाटलं, लग्नाचं विचारतायत. मी पुन्हा तेच विचारलं तेव्हा जरा गोंधळला. "कोणी पण बसेल, सर. त्याचा काय संबंध?"

तर मंडळी, संबंध काय हे सांगण्यासाठीच हा लेख. शॉकअपवर लिहिणारा मी कोण, असं तुम्ही म्हणाल. मी बीए, तेही मराठी माध्यमातून, आणि आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण एक गाडी चाळीस वर्षं वापरली आणि एक चूक केली, एवढ्या दोन पात्रता माझ्याकडे आहेत.

आधी गाडीविषयी. जावा ही मूळची चेक लोकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी जी २५० सीसीची गाडी काढली तिला तिकडचे लोक 'पेराक' म्हणायचे. चेक भाषेत 'पेरो' म्हणजे स्प्रिंग. म्हणजे आपल्या भाषेत 'स्प्रिंगवाली' म्हणा हवं तर. कारण तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या, आणि त्या काळात ते अप्रूप होतं. पुढे १९५० च्या दशकात आणखी सुधारलेली गाडी आली. तिचं मागचं चाक चिमट्यावर बसवलेलं होतं, चिमटा वरखाली हलायचा आणि दोन बाजूंना दोन शॉकअप. तिला लोकांनी नाव दिलं 'कीवाच्का', म्हणजे झुलणारी. हीच गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून आपल्याकडे बनवली आणि तिचीच लेक म्हणजे येझदी. मला याची फार गंमत वाटते. ज्या गाडीचं आपण दोन सायलेन्सर आणि त्यांच्या आवाजासाठी कौतुक करतो, तिला तिच्या माहेरी लोक मागच्या स्प्रिंगेवरून ओळखत होते.

त्याच्याही आधी काय होतं? मागचं चाक सरळ फ्रेमलाच आवळलेलं असायचं. चालवणाऱ्याच्या खोगिराखाली मात्र दोन जाड स्प्रिंगा असत. आणि मागे बसणाऱ्याला? मडगार्डवर आवळलेली एक उशी. चित्रं बघा जुन्या गाड्यांची, म्हणजे पटेल. चालवणाऱ्याची सोय आधी झाली, मागच्याची नंतर. इंग्रजीत मागच्या सीटला पिलियन म्हणतात. तो शब्दही घोड्याच्या काळातला आहे. घोडेस्वाराच्या मागे बाईमाणसाला बसायला जी गादी टाकत, ती पिलियन. आपण मराठीत नुसतं 'डबलसीट' म्हणतो. पहिली सीट कोणाची हे सांगावंच लागत नाही!

आता माझी गाडी. १९८३ साली कल्याणच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतली. शाळा, जनगणनेची कामं, निवडणुकीची कामं, शहापूर-किन्हवलीकडचे नातेवाईक, पावसाळ्यात माळशेज बघायला आलेले पाहुणे, सगळं तिच्यावर झालं. आणि मागच्या सीटवर आमची सौ. वैशाखऱ्याहून मुरबाड, सरळगावहून आत किन्हवली, पुढे शहापूर. पदर खोचून, एका बाजूला दोन्ही पाय टाकून, एका हाताने सीट धरून आणि दुसऱ्या हातात पिशवी. सदतीस वर्षं.

२०१९ च्या दिवाळीच्या सुमारास मागचे शॉकअप गेले. दांड्यावर तेल दिसायला लागलं, खड्डा ओलांडला की गाडी दोन-तीन वेळा झुलायची. कारखाना १९९६ सालीच बंद झालेला, तेव्हा कंपनीचा माल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. (२०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं बाजारात परत आली, पण त्या सर्वस्वी वेगळ्या गाड्या. त्यांचा आपल्या टू-स्ट्रोकला काही उपयोग नाही.) एका दुकानात गेलो. कुठलं ते सांगत नाही, कारण तिथे मला कोणी फसवलं नाही. मी जे मागितलं तेच मिळालं.

तिथे तीन-चार प्रकार होते. एक, जुन्यासारखेच दिसणारे, नकली म्हणा किंवा नव्याने बनवलेले. दुसरे, बुलेटचे, बुश बदलून बसतील असे. तिसरे, बाजूला डबी असलेले गॅसचे. पल्सरला 'नायट्रॉक्स' आले तेव्हापासून या डबीची पोरांमध्ये फार हवा आहे. दुकानदाराने एक जोडी उभी करून वरून दोन्ही हातांनी दाबून दाखवली. हलेना. "सर, हे बघा हार्ड. आयुष्यभर बघायला नको." मीही दाबून पाहिली. हलली नाही. मला बरं वाटलं! जी वस्तू दबत नाही ती मजबूत, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं. पलंग बघतानाही आपण तेच करतो.

बसवले. गाडी मागून इंचभर उंच झाली. दिसायला ऐटदार. घरी आल्यावर कळलं की मेन स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकतंय. म्हणजे पंक्चर झालं तर स्टँडखाली फळी घाला. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. शॉकअप लांब म्हणजे चिमटा जास्त खाली, चेनचा ताण बदलला, पुढच्या फोर्कचा कल बदलला, सीट वर गेली. सौ. चढताना पायरी चाचपडायला लागली. मी म्हटलं, "अगं, सवय होईल." एकट्याने चालवताना गाडी झकास वाटायची. वळणावर झुलत नाही, काही नाही.

२०२० च्या जानेवारीत आम्ही म्हशाच्या जत्रेला गेलो. पौष पौर्णिमेची जत्रा, दरवर्षीचा नेम. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्या, बैलबाजार, सगळं बघून संध्याकाळी परत निघालो. वाटेत एक गतिरोधक. पट्टे नाहीत, पाटी नाही. मला ऐन वेळी दिसला. मी ब्रेक दाबला, पायांवर जरासा उठलो आणि गाडी पार केली. मागे 'आई गं' एवढं ऐकू आलं. मी विचारलं, "लागलं का?" ती म्हणाली, "नाही, चला."

तिसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. कल्याणला नेलं. एक्स-रे झाला. पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने चेपला होता. डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितलं की पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात, कळत नाही, दुखत नाही, आणि मग एखाद्या दणक्याने मणका बसतो. गाडीवरून खड्ड्यात आपटलेल्या अशा बायका त्यांच्याकडे नेहमी येतात म्हणे. हाडं ठिसूळ झाली होती हे मूळ कारण, ते मी नाकारत नाही. वाटेल त्या निमित्ताने झालं असतं, असंही ते म्हणाले. पण निमित्त माझ्या हाताने बसवलेलं होतं, त्याला काय करणार?

पट्टा बांधून ती घरात पडून. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मीही घरात. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही कधी मागे बसलात का हो त्या गाडीवर?"

मी आठवायला लागलो. सदतीस वर्षांत एकदाही नाही. माझी गाडी, मीच चालवणार.

टाळेबंदी जरा सैल झाल्यावर भाच्याला बोलावलं. त्याला म्हटलं, तू चालव, मी मागे बसतो. वैशाखऱ्याहून टोकावड्याकडे निघालो. पहिल्या शंभर कदमांत मला जे कळलं ते सदतीस वर्षांत कळलं नव्हतं. समोर भाच्याची पाठ आणि हेल्मेट, रस्ता दिसतच नाही. खड्डा कधी येणार ते कळत नाही, त्यामुळे अंग सावरून धरता येत नाही. हात कुठे धरावा कळेना. आणि प्रत्येक दणका थेट माकडहाडापासून टाळूपर्यंत. टोकावडं यायच्या आधीच मी त्याला थांबायला सांगितलं. त्याने मागे वळून विचारलं, "काय मामा, मस्त चालते ना गाडी?"

त्याला खरंच मस्त वाटत होती! खोटं नव्हता बोलत.

असं का होतं, ते मग मी कागदावर मांडून पाहिलं. मागचं चाक एका उंचवट्यावर दहा सेंटिमीटर वर गेलं समजा, आणि तूर्त स्प्रिंग विसरून जा. चाकाच्या आसावर बसलेला माणूस पूर्ण दहा सेंटिमीटर वर जाईल. दोन चाकांच्या बरोबर मध्ये बसलेला पाचच जाईल. चालवणारा मधल्या भागात बसतो, मागचा जवळजवळ आसावर. एसटीत शेवटच्या बाकावर पोरं छपराला लागेपर्यंत उडतात आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. तिथे तर बाक आसाच्याही मागे असतो. ज्याने एसटीच्या मागच्या बाकावरून प्रवास केलाय त्याला हे गणित शिकवायला नको.

त्यात चालवणाऱ्याला आणखी तीन सवलती. रस्ता दिसतो, हातात हँडल आहे आणि पायांवर उठता येतं. मागे एका बाजूला बसलेल्या बाईला यातलं एकही नाही. उलट कंबर पिळलेली, पाय लोंबते किंवा एका पट्टीवर टेकलेले. सगळा भार बैठकीवर. दणका गिळायला तिच्याकडे पाठीचे मणके सोडून दुसरा शॉकअप नाही.

कायद्याने मागच्याचा विचार केलाय, अगदीच नाही असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मागे एकच माणूस बसवा असं आहे. १९८९ च्या नियमांत मागच्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, हे सांगितलंय. चांगलंच आहे. पण कडी, पायरी आणि साडी यांच्या मधे जो पाठीचा कणा आहे, तो गाडीच्या मालकाच्या अकलेवर सोपवलेला आहे.

म्हणून माझं मत असं. मागचे शॉकअप ही मागच्या माणसाची वस्तू आहे. विकत घेतो पुढचा, पसंत करतो पुढचा, चालवून बघतो पुढचा, आणि भोगतो मागचा. ज्याला ती वापरायची आहे त्याला आपण विचारतही नाही.

आता 'हार्ड'बद्दल बोलू. शॉकअपमध्ये दोन वेगळी माणसं काम करतात. एक स्प्रिंग, दुसरा आतला तेलाचा पंप. स्प्रिंगचं काम भार पेलायचं आणि धक्का साठवून ठेवायचं. पण जे साठवलं ते ती लगेच परत करते, उसनं ठेवून घेत नाही. एकटी स्प्रिंग असेल तर गाडी नाचत राहील. तिथे पंप येतो. बारीक भोकांतून तेल ढकलावं लागतं, त्यात धक्क्याचा जोर खर्ची पडतो आणि त्याची उष्णता होते. दूरच्या प्रवासानंतर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल. चांगला पंप दबताना सैल आणि उघडताना सावकाश असतो. खड्ड्यात चाकाला पटकन वर येऊ देतो आणि मग स्प्रिंगला हळूहळू उलगडू देतो.

गाडी नाचते तेव्हा बहुतेक वेळा पंप गेलेला असतो. आपण मात्र स्प्रिंग बदलून हार्ड टाकतो. नाच कमी होतो, कारण आता मुळात काही दबतच नाही! ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे हे.

गॅसच्या शॉकअपचंही तसंच. गॅस भरतात ते शॉकअप कडक व्हावा म्हणून नाही. खराब रस्त्यावर पंप भराभर वरखाली झाला की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला तेलाचं काम जमत नाही. दाबाखाली नायट्रोजन ठेवला की फेस होत नाही. १९५० च्या दशकात द कार्बों नावाच्या फ्रेंच अभियंत्याने काढलेली ही युक्ती आहे आणि उत्तम आहे. वाईट गॅस नाही. वाईट आहे ती त्याच्याबरोबर येणारी, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या वजनासाठी केलेली स्प्रिंग. आणि पुष्कळदा ती बाजूची डबी तर नुसती शोभेचीच असते.

शॉकअपच्या बुडाशी पायऱ्यांची एक कडी असते, जी पान्याने फिरवतात. "एक स्टेप वाढवा, हार्ड होईल," असं सगळे म्हणतात. हेही अर्धसत्य. त्याने स्प्रिंग बदलत नाही. ती आधीपासून थोडी दाबून ठेवली जाते, म्हणजे गाडी तेवढी वर उचलली जाते. दोघं बसणार असतील तर एक-दोन स्टेप वाढवावी, एकट्याने जाताना कमी करावी. किती जण हे करतात? मी सदतीस वर्षांत केलं नव्हतं.

दुसरी बाजूही मांडायला हवी. माझ्या या बोलण्यावर आमच्याकडचे दूधवाले हसतील. गाडीच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, किंवा मागे तांदळाचं पोतं, आणि घाटाखालचा रस्ता. त्यांना मऊ शॉकअप देऊन कसं चालेल? दर खड्ड्याला ठोकर बसेल, आणि पूर्ण बसलेला शॉकअप हार्ड शॉकअपपेक्षाही वाईट. त्यांनी हार्डच टाकावेत. पोत्याला मणके नसतात. अडचण अशी आहे की दुकानात जे 'आपल्याकडच्या रस्त्याला' म्हणून विकलं जातं ते या पोत्याच्या हिशेबाचं असतं, आणि त्यावर आपण पंचावन्न किलोची आई बसवतो.

काही जण म्हणतील, शॉकअपला कशाला दोष, रस्ते सुधारा. कबूल. इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधकाचा नमुना आहे, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर. म्हणजे बारा फूट लांबीवर चार इंच चढउतार. आमच्याकडे तेवढीच उंची दोन फुटांत उरकतात. त्याबद्दल अर्ज करावेत, मीही केलेत. पण रस्ता माझ्या हातात नाही, पाना आहे.

तर शेवटी मी काय केलं? जुने मूळचे शॉकअप पोटमाळ्यावर गोणपाटात बांधून ठेवले होते. ते काढले आणि मुरबाडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेले. त्याने उघडले, सील बदलले, दोन्हींत मापाने सारखं तेल भरलं, बुश नवे घातले. दांडा तळहाताने दाबून दाखवला. आत जाताना सलग गेला, येताना सावकाश आला, मधे कुठे हिसका नाही. स्प्रिंगा चांगल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. त्याने आणखी एक गोष्ट केली, जी दुकानदाराने केली नव्हती. मागचं चाक धरून आडवं हलवून पाहिलं. चिमट्याचे बुश झिजले होते. "सर, निम्मा नाच याचा होता," म्हणाला. आणि टायरमधली हवा तपासली, ती जास्त निघाली.

ज्यांना नवीन घ्यायचे आहेत त्यांना माझं सांगणं थोडक्यात असं. जुना काढल्यावर वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत माप घ्या, आणि तेवढ्याच लांबीचा आणा. जोडीच बदला, एकटा कधीही बदलू नका. आणण्याआधी चिमट्याचे बुश आणि हवा बघा. बसवल्यावर गाडी मेन स्टँडवर लावा, चाक अधांतरी हवं. आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग स्टँडवरून उतरवा, जे नेहमी बसतात त्या दोघांनी बसा आणि तिसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. मागच्या चाकाची जेवढी एकूण चाल आहे तिच्या साधारण एक तृतीयांश गाडी बसायला हवी. अजिबात बसली नाही तर स्प्रिंग तुमच्यासाठी नाही, कितीही महाग असो. निम्म्याहून जास्त बसली तर मऊ झाली. शेवटी सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली पाहिजे, दुसरी उडी मारता कामा नये.

आणि मग किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि स्वतः मागे बसा. एक खड्डा, एक गतिरोधक, बस्स. बाकी सगळी मापं चुकली तरी ही परीक्षा चुकत नाही.

जुने शॉकअप बसवून मी भाच्याच्या मागे पुन्हा टोकावड्यापर्यंत गेलो. दणके होतेच, पण पाठीपर्यंत पोचेपर्यंत त्यांचा जोर गेलेला असायचा. मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, "आता एकदम छान झालीय बघ गाडी." ती म्हणाली, "बरं झालं." डॉक्टरांनी तिला दुचाकी कायमची बंद केली आहे. ती आता एसटीने जाते, पुढच्या बाकावर बसून, आणि मी मुरबाडच्या स्टँडवर तिची वाट बघत गाडीवर बसलेला असतो. सदतीस वर्षांनी नीट झालेली मागची सीट रिकामी असते. कधी एखादा शेजारी बसतो, कधी शाळेतून घरी निघालेलं पोर.

असो. त्या मुलाला मी हे सगळं काही सांगितलं नाही. त्याला माझ्या येझदीवर मागे बसवलं आणि खराब रस्त्यावरून एक फेरी मारली. मग त्याच्या मित्राची गॅसचे हार्ड टाकलेली गाडी आणायला लावली, तिच्यावरही मागेच बसवलं. उतरल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "सर, मागे आईच बसणार. तिला देवदर्शनाला न्यायचंय. तिला वजन विचारलं तर अंगावरच आली. अंदाजाने किती धरू?"

मी फोन सौ.कडे दिला. म्हटलं, या विषयातली जाणकार ती आहे.